नॅनोकण, काच आणि स्फटिक : पीएचडीसाठी टीईएम करताना बीम काय बिघडवतो आणि ते कसं ओळखायचं

काचमणी

पीएचडीच्या प्रस्तावात तीन जातींचे नमुने आहेत आणि तिन्ही टीईएमखाली (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) न्यायचे आहेत.

पहिला : पाण्यातले सोने-चांदी मिश्रधातूचे नॅनोकण, १० ते २५ नॅनोमीटर, वर सायट्रेट (कण एकमेकांना चिकटू न देणारं आवरण). दुसरा : सोडियम बोरोसिलिकेट काच. ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवली की ती दुधाळ होते. आत स्फटिक पडतात की काचेतच फेज सेपरेशन होतं (एकाच काचेचे वेगळ्या रचनेचे दोन काचभाग होतात), हे ठरवायचंय. तिसरा : सिलिकॉन वेफरवर वाढवलेला टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे ८० नॅनोमीटर जाडीचा थर, त्याचा आडवा छेद.

यंत्र २०० केव्हीचं (किलोव्होल्ट) आहे, स्टेम (बारीक बीम फिरवून चित्र) आणि ईडीएस (एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणं) जोडलेलं. ८० केव्हीवरही चालतं. ईल्स (इलेक्ट्रॉनांनी गमावलेल्या ऊर्जेचा स्पेक्ट्रम) दुसऱ्या यंत्रावर मिळेल. यंत्राचा वेळ मोजका असतो. नमुना करण्यापासून आकडे काढण्यापर्यंत कुठे काय चुकतं, ते कारणांसह सांगाल का?

विवर्तन

नॅनोकणांपासून सुरुवात करा. नमुना सोपा आहे म्हणून नव्हे, तर त्याच्यावर यंत्राची मापपट्टीही तपासून होते म्हणून.

ग्रिड ३.०५ मिलिमीटरचं, ३०० मेश, वर १० ते २० नॅनोमीटर कार्बन. कण नुसते मोजायचे असतील तर एवढं पुरतं. फ्रिंज (अणूंच्या ओळींमुळे दिसणाऱ्या रेषा) स्पष्ट हव्या असतील तर लेसी कार्बनवर ३ नॅनोमीटरचा अतिपातळ कार्बन असलेलं घ्या. जाड कार्बनची दाणेदार पार्श्वभूमी छोट्या कणांच्या फ्रिंज गिळते.

द्रावण इतकं पातळ करा की रंग जेमतेम दिसेल. ३ ते ५ मायक्रोलिटरचा थेंब, एक-दोन मिनिटं थांबा आणि फिल्टर पेपरचं टोक कडेला लावून पाणी ओढून घ्या. मग स्वच्छ पाण्याचे दोन थेंब, तेही तसेच ओढून घ्या. थेंब ग्रिडवर पूर्ण वाळू देऊ नका. वाळताना कण कडेकडे ढकलले जातात, कडं तयार होतं, सायट्रेटचे स्फटिक पडतात आणि मग कण एकत्र चिकटले ते द्रावणात की वाळताना, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट बऱ्याचदा सुटते. पाणी नीट पसरावं म्हणून हवेत ग्लो डिस्चार्ज (सौम्य प्लाझ्मा) केलेल्या कार्बनवर ऋण भार येतो आणि सायट्रेटचे कणही ऋण भाराचेच. पाणी छान पसरतं, कण मात्र बसत नाहीत, धुताना वाहून जातात. सीटॅब या साबणासारख्या पदार्थाचं आवरण असलेले कण धन भाराचे, ते त्याच ग्रिडवर घट्ट बसतात. सायट्रेटसाठी डिस्चार्ज न करता थेंब जास्त वेळ ठेवा, किंवा अमाइलअमाइनच्या वाफेत डिस्चार्ज करून पृष्ठभाग धन करा.

सूक्ष्मदर्शिनी

विवर्तन यांना +१. आता घाणीबद्दल, कारण स्टेममध्ये अर्धा दिवस त्यातच जातो.

नमुन्यावरचे हायड्रोकार्बन बीमखाली तुटून जागेवर साचतात. ओळखायची रीत सोपी : मोठ्या मॅग्निफिकेशनला मिनिटभर स्कॅन करा, मग मॅग्निफिकेशन उतरवा. हाडफ चित्रात (स्टेमचं, जड किंवा जाड भाग उजळ दाखवणारं चित्र) चौकोन उजळ दिसला तर कार्बन साचतोय. चौकोन काळपट दिसला तर उलट, पदार्थ उडतोय. दोन्ही दिसले की लोक "कंटॅमिनेशन" म्हणून मोकळे होतात, पण उपाय परस्परविरुद्ध आहेत. साचत असेल तर नमुना स्वच्छ करायचा, उडत असेल तर डोस (दर क्षेत्रफळावर पडणारे इलेक्ट्रॉन) कमी करायचा.

स्वच्छ करण्याचे मार्ग : आर्गॉन-ऑक्सिजन प्लाझ्मा १० ते ३० सेकंद, व्हॅक्यूममध्ये ८० ते १०० अंशांवर रात्रभर, किंवा इथेनॉलमधल्या सक्रिय कोळशात ग्रिड काही मिनिटं ठेवणं. तुमच्या कणांत चांदी आहे, तेव्हा ऑक्सिजन प्लाझ्मा नको. चांदीचं ऑक्साइड होतं आणि मग ईडीएस नकाशात "ऑक्साइडचं कवच" सापडल्याचा आनंद होतो. व्हॅक्यूम बेक किंवा कोळसा वापरा. प्लाझ्मा लांबला तर पातळ कार्बनही जळून जातो, हे वेगळंच.

यंत्रात गेल्यावर बीम शॉवर : कमी मॅग्निफिकेशन, मोठं काँडेन्सर अपर्चर, रुंद बीम, १० ते २० मिनिटं. याने घाण जाते असं नाही, ती त्या जागी पक्की बांधली जाते, एवढंच. परिणाम थोडा वेळ टिकतो. आणि काचेच्या नमुन्यावर बीम शॉवर मुळीच देऊ नका; का, ते पुढे कुणीतरी लिहीलच.

काचमणी

धन्यवाद. मापपट्टी म्हणून हेच कण चालतील का? मिश्रधातू आहेत, शुद्ध सोनं नाही.

विवर्तन

चालतील. सोन्याचा जाळी-स्थिरांक ४.०७८ अँगस्ट्रॉम, चांदीचा ४.०८६. फरक ०.२ टक्के. म्हणून कोणत्याही प्रमाणातल्या मिश्रणात (१११) या अणुपातळ्यांमधलं अंतर २.३५ ते २.३६ अँगस्ट्रॉमच राहतं, मापपट्टीला एवढं पुरे.

आणि याच कारणाने फ्रिंज मोजून "मिश्रधातू तयार झाला" असं लिहिता येत नाही. प्रबंधांत हे वाक्य वारंवार दिसतं. २.३५ अँगस्ट्रॉम हे सोनं, चांदी आणि दोघांचं मिश्रण या तिघांनाही लागू आहे.

एका कणाच्या फ्रिंजवर मापपट्टी ठरवू नका. कण छोटा असेल आणि अक्षापासून थोडा कललेला असेल तर फ्रिंजचं अंतर एखाद-दोन टक्क्यांनी सहज हलतं. दाट कणांच्या भागाचा एसएईडी (निवडलेल्या भागाचा डिफ्रॅक्शन पॅटर्न) घ्या आणि वर्तुळांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर पाहा : १ : १.१५५ : १.६३३ : १.९१५. हे जुळलं तर एफसीसी (सोने-चांदीची घनाकार रचना), आणि त्यावरून कॅमेरा लेंग्थ (पॅटर्नची मापपट्टी) काढा. वर्तुळं लंबगोल असतील तर प्रोजेक्टर लेन्सचा दोष आहे. तो सुधारा, किंवा सगळ्या दिशांचा मध्य घ्या. डिफ्रॅक्शन फोकस आणि नमुन्याची युसेंट्रिक उंची (जिथे कलवल्यावर नमुना जागचा सरकत नाही) दर वेळी तीच ठेवली नाही तर ही सगळी मेहनत वाया जाते.

कमी मॅग्निफिकेशनसाठी वेगळी पट्टी लागते. दर मिलिमीटरला २१६० रेषांची ग्रेटिंग प्रतिकृती वापरा, रेषांमधलं अंतर ४६३ नॅनोमीटर.

सूक्ष्मदर्शिनी

मोजणीबद्दल थोडं. ३०० कण, सरासरी १५ नॅनोमीटर, प्रमाण विचलन २ नॅनोमीटर धरा. सरासरीची प्रमाण त्रुटी २ भागिले ३०० चं वर्गमूळ, म्हणजे ०.१२ नॅनोमीटर. मापपट्टी २ टक्क्यांनी चुकली असेल तर चूक ०.३ नॅनोमीटरची. म्हणजे ३०० वरून ३००० कणांवर जाण्यापेक्षा अर्धा तास पट्टी तपासण्यात घालवणं जास्त फायद्याचं. वितरणाचं शेपूट किंवा दोन गट दाखवायचे असतील तेव्हा मात्र कण जास्तच लागतात. आयएसओ २१३६३ हे २०२० चं मानक याच कामासाठी आहे, ते वाचून काढा.

फिजीमध्ये (चित्र मोजण्याचं सॉफ्टवेअर) थ्रेशोल्ड लावताना सगळ्या चित्रांना एकच रीत लावा, हाताने सरकवू नका. एकमेकांना टेकलेले कण वॉटरशेडने तोडले तर लांबट कणही मधोमध तुटतात. तुटलेल्यांची बाह्यरेखा मूळ चित्रावर ठेवून डोळ्यांनी पाहा. ग्रिडच्या निदान पाच वेगवेगळ्या चौकटींतून चित्रं घ्या, आणि जागा "छान दिसते" म्हणून निवडू नका.

डीएलएसचा (द्रावणातल्या कणांचं प्रकाश विखुरण्यावरून माप) आकडा मोठा आला तर दचकू नका. विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. ३० नॅनोमीटरचा एक कण १५ च्या ६४ कणांइतका बोलतो. शिवाय तिथे कणाभोवतीचं पाण्याचं आवरणही मोजलं जातं.

ऋण_भार

आता मिश्रधातू आहे की एकावर एक थर, हा प्रश्न. फ्रिंजने सुटत नाही, ईडीएसने सुटतो, पण तिथे बीम स्वतः लुडबूड करतो.

इलेक्ट्रॉन अणूला समोरासमोर आदळला तर जास्तीत जास्त किती ऊर्जा देऊ शकतो, याचं सूत्र : २ई(ई + १.०२२) भागिले अणूची विरामऊर्जा, सगळं एमईव्हीमध्ये. २०० केव्हीला चांदीला मिळते सुमारे ४.९ ईव्ही, सोन्याला २.७ ईव्ही. पृष्ठभागावरचा अणू उडवायला साधारण संसंजन ऊर्जेएवढी ऊर्जा लागते : चांदी २.९५ ईव्ही, सोनं ३.८१ ईव्ही. म्हणजे २०० केव्हीला चांदी उडू शकते, सोनं जवळजवळ नाही. लांब वेळ नकाशा घेतला की पृष्ठभागावरची चांदी कमी होत जाते आणि "सोन्याचं कवच, आत मिश्रधातू" असं चित्र तयार होतं. ८० केव्हीला चांदीला फक्त १.८ ईव्ही मिळते, तेव्हा हा प्रकार थांबतो.

म्हणून या कणांचा नकाशा ८० केव्हीला घ्या. २०० ला घ्यावाच लागला तर एकाच लांब नकाशाऐवजी २० छोटे फ्रेम जतन करा, पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच फ्रेममधलं चांदी-सोनं गुणोत्तर वेगवेगळं काढा. सारखं आलं तरच बेरीज करा.

परिमाणासाठी चांदीची एल-अल्फा ही एक्स-रे रेषा (२.९८ केईव्ही) आणि सोन्याची एम-अल्फा (२.१२ केईव्ही) जवळजवळ आहेत, त्यामुळे शोषणाचा फरक नगण्य. क्लिफ-लोरिमरचा के-घटक (एक्स-रे तीव्रतेवरून मूलद्रव्यांचं प्रमाण काढणारा आकडा) सॉफ्टवेअरमधला घेतलात तर १०-२० टक्के चूक धरा. माहीत असलेल्या मिश्रधातूचा पातळ थर मोजून स्वतःचा के-घटक काढला तर ती बरीच कमी होते.

विवर्तन

म्हणजे नियम सोपा : शंका आली की ८० केव्ही. काचेलाही तेच लावावं.

अनाकार

विवर्तन, इथे थांबा. काचेला हे उलटं पडतं. धातूत नुकसान आदळण्याने होतं, म्हणून केव्ही उतरवल्याने वाचतं. सिलिकेट आणि बोरेट काचेत मुख्य नुकसान आयनीकरणाने होतं, आणि व्होल्टेज कमी केलं की इलेक्ट्रॉन हळू जातो, प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे आयनीकरण वाढतं. ८० केव्हीवर काच २०० पेक्षा लवकर बिघडते. एकच खुंटी, पण दोन नमुन्यांना उलट दिशेने पिळायची. काचमणींच्या प्रबंधात हे दोन नमुने शेजारी आहेत, तेव्हा हा मुद्दा प्रकरणाच्या सुरुवातीलाच यायला हवा.

सोडियम बोरोसिलिकेटमध्ये काय घडतं ते क्रमाने पाहा. बीम पडतो, दुय्यम इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, काच वाहक नसल्याने प्रकाशित भाग धन भाराचा होतो. सोडियमचा आयन हलका, सैल आणि धन भाराचा. तो त्या भागातून बाहेर सरकतो. आता चार ऑक्सिजनांमधला बोरॉन ऋण भाराचा असतो आणि त्याचा तोल सोडियम सांभाळत होता. सोडियम गेला, तोल गेला, बोरॉन एक ऑक्सिजन सोडून त्रिकोणी रचनेत जातो. ईल्समध्ये हे थेट दिसतं : बोरॉनची के-कड १८८ ईव्हीला सुरू होते आणि त्रिकोणी बोरॉनचं टोकदार शिखर १९४ ईव्हीजवळ येतं. त्याच जागेवर एकामागून एक स्पेक्ट्रम घ्या, १९४ चं शिखर वाढताना दिसेल. सोडियम निघून गेलेली काच ही मुळात वेगळ्या रचनेची काच आहे, आणि तिच्यात बीमखालीच नवं फेज सेपरेशन सुरू होऊ शकतं. म्हणजे ज्याची शहानिशा करायची तेच आपण तयार करतो.

म्हणून कसोटी एकच, आणि ती टाळता येत नाही : तापवलेली काच आणि न तापवलेली काच, तोच डोस, तोच डोस रेट, तीच जाडी. न तापवलेलीत ठिपके दिसले तर तापवलेलीतल्या ठिपक्यांना काही अर्थ नाही.

काचमणी

हे फार मोलाचं आहे. काचेचा नमुना कसा करायचा? एफआयबीने (गॅलियम आयनांच्या बीमने कापून) करण्याचा विचार होता.

अनाकार

या काचेला एफआयबी नको. दोन कारणं. गॅलियमची एल-अल्फा १.१० केईव्हीला, सोडियमची के-अल्फा १.०४ केईव्हीला. नमुन्यात शिरलेलं गॅलियम सोडियमच्या शिखरावरच बसतं. दुसरं, काच चार्ज होऊन आयन बीम सरकवते.

सगळ्यात कमी ढवळाढवळ करणारी पद्धत म्हणजे कुटणं. अ‍ॅगेटच्या खलात कोरड्या इथेनॉलखाली बारीक करा, मोठे तुकडे तळाशी बसू द्या, वरचा गढूळ थर लेसी कार्बनवर घ्या. तुकड्यांच्या पाचरीसारख्या कडा ५० नॅनोमीटरहून पातळ मिळतात. तुकडा कार्बनला नीट टेकलेला असावा, लोंबकळणारा चार्ज होऊन थरथरतो.

पाणी मात्र कुठल्याच टप्प्यावर नको, पॉलिशिंगला तर नकोच. फेज सेपरेशन झालेल्या या काचेचा सोडियम-बोरेटने समृद्ध भाग विरघळतो आणि सिलिकाचा सांगाडा उरतो. व्हायकॉर जातीची सच्छिद्र काच याच गुणावर बनते. पाण्याने पॉलिश केलेल्या छेदात भोकं दिसली तर ती तुमच्या काचेची नव्हेत, पॉलिशची आहेत. आयन मिलिंग करावंच लागलं तर ४ ते ५ केईव्ही, ४ ते ६ अंश, द्रव नायट्रोजनने थंड केलेला मंच, शेवटचा हात १ केईव्ही किंवा खाली.

ग्रिड तांब्याचं घेऊ नका. तांब्याची एल-अल्फा ०.९३ केईव्ही, सोडियमच्या खेटून. मॉलिब्डेनम घ्या. (पुढे कधी सल्फाइड पाहायचं झालं तर मॉलिब्डेनम नको : त्याची एल-अल्फा २.२९, गंधकाची के-अल्फा २.३१.)

ऋण_भार

डोसचं गणित इथे मांडून ठेवतो, कारण "कमी डोस" म्हणजे किती हे लिहिल्याशिवाय अर्थ नाही.

स्टेममध्ये : प्रोब करंट गुणिले पिक्सेलवरचा वेळ, भागिले इलेक्ट्रॉनचा भार, भागिले पिक्सेलचं क्षेत्रफळ. ५० पिकोअँपिअर, १० मायक्रोसेकंद, ०.२ अँगस्ट्रॉमचा पिक्सेल. ५० पिकोअँपिअरने १० मायक्रोसेकंदात सुमारे ३१२० इलेक्ट्रॉन येतात. क्षेत्रफळ ०.०४ चौरस अँगस्ट्रॉम. उत्तर ७८,००० इलेक्ट्रॉन प्रति चौरस अँगस्ट्रॉम, तेही एका फ्रेमला. फोकस करताना गेलेला डोस वेगळा, आणि बहुतेक वेळा तोच मोठा असतो.

आता ५ पिकोअँपिअर, १ मायक्रोसेकंद, १ अँगस्ट्रॉम पिक्सेल. उत्तर ३१. तीन आकडे बदलले आणि अडीच हजार पट फरक पडला. काचेचं फेज सेपरेशन दहा-वीस नॅनोमीटरच्या मापाचं असेल तर तिथे ०.२ अँगस्ट्रॉमचे पिक्सेल घेऊन करायचंय काय? मॅग्निफिकेशन प्रश्नाएवढंच ठेवा.

शर्झर यांनी १९३६ मध्ये दाखवलं की गोल भिंगांचं गोलीय विपथन टाळता येत नाही; ते दुरुस्त करून रेझोल्यूशन सुधारणारा करेक्टर हायडर, रोझ आणि उर्बान यांनी १९९८ मध्ये प्रत्यक्षात आणला. त्याने अणू दिसू लागले, पण तेवढाच करंट आता अँगस्ट्रॉमहून लहान ठिपक्यात कोंबला जातो. करेक्टर असलेलं यंत्र म्हणजे काचेसाठी चांगलं यंत्र असं समीकरण नाही.

फोकस शेजारच्या तुकड्यावर करा, बीम ब्लँक करा, मंच सरकवा, मग एकदाच स्कॅन. होल्डर घातल्यावर मंच स्थिरावायला १५ ते ३० मिनिटं द्या, नाहीतर ताज्या जागेवरचं ते एकुलतं चित्र ओढलेलं येतं.

सोडियम मोजायचा असेल तर बीम पसरवून मोठा भाग स्कॅन करा, पाच-पाच सेकंदांचे स्पेक्ट्रम वेगळे साठवा, सोडियमची तीव्रता वेळेविरुद्ध मांडा आणि रेष शून्य वेळेपर्यंत मागे न्या. थंड होल्डरने सोडियमची हालचाल बरीच मंदावते, थांबत नाही. बोरॉन ईडीएसने मोजण्याचा हट्ट धरू नका, ०.१८ केईव्हीचा एक्स-रे नमुन्यातच शोषला जातो. तो ईल्सचा विषय.

काचमणी

स्फटिक की फेज सेपरेशन, हे कशावरून म्हणायचं? एचआरटीईएममध्ये (अणूंच्या ओळी दाखवणाऱ्या चित्रांत) काचेत कुठेकुठे दोन-तीन फ्रिंज दिसल्यासारख्या वाटतात.

अनाकार

दोन-तीन फ्रिंजांवर काहीही म्हणू नका. पूर्ण अनाकार पदार्थाच्या एचआरटीईएम चित्रातली दाणेदार पोतही फेज कॉन्ट्रास्टची असते, तिचा आकार डिफोकस ठरवतो. अशा पोतात अधूनमधून समांतर रेषा योगायोगाने जुळतातच. डिफोकसची मालिका घ्या. खरा स्फटिक असेल तर फ्रिंज फिक्या-गडद होतील पण अंतर आणि दिशा टिकतील. पोतीतल्या रेषा जागा बदलतील, विरघळून जातील. एफएफटीत (चित्राच्या फूरिए रूपांतरात) टोकदार ठिपका हवा, धूसर कड्याचा उजळ तुकडा नव्हे.

त्याआधीच्या, जास्त भरवशाच्या दोन गोष्टी. एसएईडीत फक्त रुंद धूसर कडी असतील तर त्या भागात मोजण्याइतका स्फटिक नाही. आणि तिरपं करून पाहा : ब्राइट फील्डमध्ये ठेवून मंच दोन-दोन अंशांनी कलवा. स्फटिकाचा कॉन्ट्रास्ट कलण्याबरोबर चमकतो, विझतो. काचेत काचेच्या थेंबांचा कॉन्ट्रास्ट तसाच राहतो, कारण तो घनतेचा आणि रचनेचा आहे, डिफ्रॅक्शनचा नाही. एकमेकांत गुंतलेलं वेटोळ्यांचं जाळं दिसलं तर स्पायनोडल विभाजनाकडे (केंद्रकाशिवाय सगळीकडे एकदम होणारं विभाजन) बोट जातं, सुटे गोल थेंब दिसले तर केंद्रकापासून वाढीकडे. पण उशिरा जाळंही तुटून थेंब होतात, म्हणून एकाच तापवेळेच्या नमुन्यावरून यंत्रणा ठरवू नका. तीन-चार वेळांचे नमुने करा.

काचेची जवळची रचना हवी असेल तर चित्रं सोडून इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनमधून पेअर डिस्ट्रिब्यूशन फंक्शन काढा. सिलिकॉन-ऑक्सिजन अंतर १.६१ ते १.६२ अँगस्ट्रॉम आणि ऑक्सिजन-ऑक्सिजन २.६५ च्या आसपास आलं तर पार्श्वभूमी नीट वजा झाली आहे असं धरा. १ अँगस्ट्रॉमच्या आत लाटा दिसल्या तर ते गणितातले अवशेष आहेत.

विवर्तन

केव्हीबद्दल दुरुस्ती मान्य. तिसऱ्या नमुन्याचं मी घेतो, इथे एफआयबी योग्य आहे.

वर आधी इलेक्ट्रॉन बीमने २००-३०० नॅनोमीटर प्लॅटिनम, मगच आयन बीमने दीड-दोन मायक्रॉन. पहिला टप्पा गाळला तर ३० केव्हीचे गॅलियम आयन थराचा वरचा भाग अनाकार करतात आणि टायटॅनियाचा पृष्ठभाग "अस्फटिक" असल्याचा शोध लागतो. संरक्षणाला टंगस्टन नको : त्याची एम-अल्फा १.७७, सिलिकॉनची के-अल्फा १.७४ केईव्ही. लॅमेला (कापलेला पातळ तुकडा) दीड मायक्रॉनची उचला, ३० केव्हीला २०० नॅनोमीटरपर्यंत उतरवा, मग ५ केव्ही, शेवटी २ केव्ही. ३० केव्हीला सिलिकॉनच्या प्रत्येक बाजूला २० ते २५ नॅनोमीटर अनाकार थर राहतो. २ केव्हीला दोन-तीन. ५० नॅनोमीटरच्या लॅमेलात दोन्ही बाजूंचे मिळून ४० नॅनोमीटर मेलेले असतील तर उरलं काय?

यंत्रात आधी सिलिकॉनला [११०] अक्षावर आणा, टायटॅनियाला नव्हे. सिलिकॉन हीच इथली मापपट्टी : (१११) ३.१३६, (२२०) १.९२० अँगस्ट्रॉम. त्या पॅटर्नमध्ये (००२) जागी, २.७२ अँगस्ट्रॉमला ठिपका दिसेल. तो निषिद्ध आहे, दुहेरी डिफ्रॅक्शनने येतो, नवी फेज म्हणून नोंदवू नका. सीमेवर एक-दोन नॅनोमीटर अनाकार पट्टी बहुधा सिलिकॉनचं स्वतःचं ऑक्साइड असते.

आता टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरचना : अनाटेजचं (१०१) अंतर ३.५२, रुटाइलचं (११०) ३.२५. आठ टक्के फरक, सहज कळतो. पण तिसऱ्या रचनेचं, ब्रुकाइटचं, (१२०) ३.५१ आहे! म्हणून एका अंतरावर अनाटेज लिहू नका. दोन अंतरं आणि त्यांच्यातला कोन, तिन्ही जुळले पाहिजेत. ब्रुकाइट असेल तर २.९० ची (१२१) कुठेतरी मिळेल, अनाटेजमध्ये त्या जागी काही नाही.

पाच घडीची सममिती असलेले कण तुमच्या सोने-चांदीतही दिसतील. ते पाच जुळे तुकडे असतात : (१११) पृष्ठांमधला कोन ७०.५३ अंश, पाचपट ३५२.६५, उरलेले ७.३५ अंश ताणाने भरले जातात. शेख्तमन यांनी १९८२ मध्ये अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजमध्ये दहा घडीचा पॅटर्न पाहिला, तेव्हा पहिली शंका जुळ्या स्फटिकांचीच होती. स्फटिक कलवून वेगवेगळ्या अक्षांवरचे पॅटर्न आणि त्यांच्यातले कोन दाखवल्यावर ती शंका मागे पडली. कोन मोजत चला, नुसती अंतरं नकोत.

सूक्ष्मदर्शिनी

जाडीची भर घालते. ईल्सचा एकूण स्पेक्ट्रम भागिले शून्य-हानी भाग (ऊर्जा न गमावलेले इलेक्ट्रॉन), या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम म्हणजे जाडी भागिले सरासरी मुक्त पथ. हा ०.५ च्या खाली असेल तर कडा स्वच्छ मिळतात. १ च्या पुढे गेला की बोरॉनच्या १८८ ईव्हीच्या कडेवर विश्वास ठेवू नका, सिलिकॉनच्या ९९ ईव्हीच्या कडेचे अवशेष तिथपर्यंत पसरतात. काचेची तुलना करताना दोन्ही तुकड्यांचा हा आकडा जवळपास सारखा घ्या, नाहीतर डोस सारखा ठेवूनही परिणाम वेगळे येतील.

फाइली मूळ स्वरूपातच ठेवा. ८ बिट टिफमध्ये काढलेल्या चित्रात कॉन्ट्रास्ट कापला जातो, डोस आणि करंटची नोंदही जाते. हायपरस्पाय सॉफ्टवेअरमध्ये पीसीए (गोंगाट गाळणारी गणिती रीत) करून नकाशे गुळगुळीत करणार असाल तर मूळ स्पेक्ट्रमही शेजारी छापा. जो घटक दोन-चार पिक्सेलमध्येच आहे तो पीसीएमध्ये गोंगाट म्हणून फेकला जाऊ शकतो.

काचमणी

शेवटचा प्रश्न. काचेची आधीची काही हाडफ चित्रं डोस न नोंदवता घेतलेली आहेत. ती टाकून द्यायची का?

ऋण_भार

टाकू नका, आधी मेटाडेटा उघडा. पिक्सेलचं माप, पिक्सेलवरचा वेळ, स्पॉट साइज आणि अपर्चर तिथे सापडतात. करंट बहुधा नसतो. त्याच स्पॉट साइज, अपर्चर आणि गन सेटिंगवर फॅराडे कपाने, तो नसेल तर कॅलिब्रेट केलेल्या स्क्रीन करंटने, करंट मोजा आणि एक फ्रेमचा डोस काढा. फोकस करतानाचा डोस मात्र परत मिळत नाही, म्हणून तो आकडा "किमान" म्हणूनच लिहा.

मग न तापवलेल्या काचेवर त्या किमान डोसच्या दुप्पट, पाचपट आणि दहापट डोस देऊन, दर वेळी नव्या जागेवर, तसंच चित्र घ्या. दहापटीलाही ठिपके उमटले नाहीत तर जुनी चित्रं प्रबंधात जाऊ शकतात, या चाचणीसह. पाचपटीलाच उमटले तर ती चित्रं फक्त बीमच्या नुकसानाचं उदाहरण म्हणून वापरता येतील.

अनाकार

आणि ही चाचणी करताना न तापवलेली काच त्याच दिवशी कुटलेली घ्या. बोरेटने समृद्ध भुकटी आठवडाभर हवेत राहिली की ओल धरते, आणि ओल धरलेल्या काचेत सोडियम आणखी लवकर हलतो. ग्रिड तयार झालं की डेसिकेटरमध्ये, आणि तिथून थेट होल्डरवर.